सैनिकाचे निवृत्तिवेतन आणि मुलाची शाळा

जामसांवलीहून सौसरकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिवाळ्यातील पहाटे थोडा वेळ उभे राहिले, तर दोन प्रकारची मंडळी दृष्टीस पडतात. शनिवार-मंगळवार असेल तर मारुतीच्या दर्शनास निघालेले भाविक. आणि वार कोणताही असो, सैन्यभरतीची तयारी म्हणून धावणारी मुले. या धावणाऱ्यांपैकी कित्येक जण दहा वाजता आपल्याच वर्गांत बाकांवर येऊन बसतात. आज ते विद्यार्थी आहेत, दोन-तीन वर्षांनी त्यांतील काही सैनिक होतील, आणि पुढे कधीतरी माजी सैनिक म्हणून याच रस्त्याने गावी परततील. शासनाने पैसा प्रथम शाळेवर खर्चावा की माजी सैनिकांवर, हा प्रश्न त्यामुळे आपल्या पंचक्रोशीला परका नाही. एकाच मुलाच्या आयुष्यातील तो सकाळचा आणि सायंकाळचा प्रश्न आहे.

याच विषयावरील आपल्या शाळेतील वादविवाद ऐकताना हा लेख लिहिण्याचे मनात आले. एका वक्त्याने दोन आकडे वाचून दाखविले. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात संरक्षण खात्याच्या निवृत्तिवेतनासाठी १,६०,७९५ कोटी रुपयांची तरतूद होती. आणि शालेय व उच्च अशा दोन्ही शिक्षणांसाठी मिळून केंद्रीय शिक्षण मंत्रालयाची तरतूद होती १,२८,६५० कोटी रुपयांची. त्यातही शाळांच्या वाट्यास आले होते ७८,५७२ कोटी. म्हणजे निवृत्त सैनिकांवरील खर्च शाळांवरील खर्चाच्या दुपटीहून अधिक! सभागृहात टाळ्या पडल्या. त्यावर प्रतिपक्षाच्या विद्यार्थिनीने शांतपणे विचारले, "मग सियाचीनच्या बर्फात उभ्या असलेल्या जवानाला आपण काय कळवावे? तुझ्या म्हातारपणाचे पैसे आम्हांला इतरत्र हवे आहेत, असे?" पुन्हा टाळ्या पडल्या. दोन्ही वक्ते खरे बोलले, पण दोघेही अर्धेच खरे बोलले. उरलेला अर्धा भाग टाळ्या मिळवून देणारा नाही. तो हिशेबाचा आहे.

आकडे खोटे नाहीत, परंतु ज्या दोन रकमांची तुलना केली गेली त्या एका जातीच्या नाहीत. सैनिकाचे वेतन आणि निवृत्तिवेतन हा सर्वस्वी केंद्र सरकारचा भार आहे. कोणतेही राज्य त्यात पैचाही वाटा उचलीत नाही. शिक्षणाचे तसे नाही. राज्यघटना अमलात आली तेव्हा शिक्षण हा प्रामुख्याने राज्यांचा विषय होता. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला, म्हणजे केंद्र आणि राज्य या दोघांचाही झाला; तथापि खर्चाचा मोठा भार राज्यांच्याच खांद्यांवर राहिला. सरकारी शाळेतील शिक्षकाचे वेतन, शाळेची इमारत, फळा आणि खडू यांचा बहुतांश खर्च राज्याच्या तिजोरीतून होतो. केंद्र त्यात भर घालते ती योजनांच्या रूपाने. २०१८ साली सुरू झालेल्या 'समग्र शिक्षा' योजनेत मध्यप्रदेशासारख्या राज्यासाठी केंद्राचे साठ आणि राज्याचे चाळीस असे प्रमाण ठरले. तेव्हा केंद्राचे शिक्षणावरील अंदाजपत्रक पाहून देश शिक्षणावर इतकाच खर्च करतो असे म्हणणे, म्हणजे मामाने दिवाळीला दिलेल्या पैशांवरून घराचे उत्पन्न ठरविण्यासारखे आहे.

दोन खिशांचा हा भेद आपल्या भागाइतका स्पष्ट क्वचितच कोठे दिसेल. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी सौसर आणि पांढुर्णा ही मराठी बोलणारी गावे ज्या जुन्या मध्यप्रदेशात होती, त्याची राजधानी नागपूर होती. त्या दिवशी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा भोपाळ राजधानी असलेल्या नव्या मध्यप्रदेशात राहिला. येथील सरकारी शाळांविषयीचे निर्णय त्या दिवसापासून नागपूरऐवजी भोपाळहून होऊ लागले. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि कचेऱ्यांचे पत्ते पुन्हा बदलले. मात्र याच गावांतील एखाद्या माजी सैनिकाच्या निवृत्तिवेतनाचा धनी या सर्व फेरबदलांत एकदाही बदलला नाही. तो दिल्लीलाच राहिला. राज्यांच्या सीमा शाळेवरून गेल्या, सैनिकाच्या निवृत्तिवेतनावरून गेल्या नाहीत.

आता निवृत्तिवेतनाची रक्कम एवढी मोठी का, ते पाहू. मुलकी नोकर साठाव्या वर्षी निवृत्त होतो. जवानाचे तसे नाही. सैन्याला तरुण शरीरे लागतात. म्हणून सामान्य शिपाई अठरा-वीस वर्षांचा असताना भरती होतो आणि साधारण सतरा वर्षांच्या सेवेनंतर, पस्तिशी-चाळिशीच्या दरम्यान, घरी पाठविला जातो. पंधरा वर्षांची सेवा झाली की तो निवृत्तिवेतनास पात्र ठरतो. म्हणजे ज्या वयात मुलकी कारकुनाला पहिली मोठी बढती मिळते, त्या वयात शिपायाची कमाई थांबते. मुले शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात. त्याला निवृत्तिवेतन द्यावयाचे ते पुढील तीस-चाळीस वर्षे, आणि त्याच्या पश्चात कुटुंबाला. शासनाने २०२५-२६ च्या अंदाजपत्रकाच्या वेळी ही संख्या सुमारे चौतीस लाख सांगितली होती, आणि तीत संरक्षण खात्यातील मुलकी कर्मचारीही येतात. भागाकार केला तर माणशी महिना एकोणचाळीस हजारांच्या आसपास रक्कम येते. पण ही सरासरी फसवी आहे, कारण तीत सेनापतीही आहे आणि शिपायाची विधवाही.

या खर्चास आणखी एक बाजू आहे, ती वचनाची. निवृत्तिवेतन ही राजाने खुशीने दिलेली बक्षिसी नव्हे, तो केलेल्या सेवेचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली नकारा खटल्यात स्पष्ट केले. मग प्रश्न उरतो तो रकमेचा. एकाच हुद्द्यावरून, तेवढ्याच सेवेनंतर, एक सुभेदार १९८५ साली निवृत्त झाला आणि दुसरा २००८ साली. तर पहिल्याला कमी का मिळावे? 'समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन' ही मागणी येथून निघाली. १९७३ साली तिसऱ्या वेतन आयोगाच्या वेळी सैनिकांची जुनी, अधिक उदार पद्धत मोडली गेली, असे माजी सैनिकांचे म्हणणे होते. जून २०१५ मध्ये ते दिल्लीत जंतरमंतरला उपोषणास बसले. त्या वर्षी ५ सप्टेंबर रोजी तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी योजना मान्य झाल्याची घोषणा केली. नोव्हेंबरमध्ये आदेश निघाला आणि १ जुलै २०१४ पासून तो लागू झाला. दर पाच वर्षांनी फेरआढावा घ्यावयाचा ही त्यातील अट. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने शासनाचे धोरण वैध ठरविले, पण राहिलेला फेरआढावा घेऊन थकबाकी देण्यासही बजावले. घोषणेचा दिवस शिक्षकदिन होता, हा योगायोगच. पण त्या दिवशी देशभरच्या शाळांत हार आणि श्रीफळ यांच्यापलीकडे फारसे काही वाटले गेले नसावे.

याउलट मुलांना दिलेल्या वचनाचा इतिहास पाहा. घटना अमलात आल्यापासून दहा वर्षांच्या आत, म्हणजे १९६० पर्यंत, चौदा वर्षांखालील सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील, असे घटनेच्या ४५ व्या अनुच्छेदात लिहिलेले होते. १९६० आले आणि गेले. शिक्षण हा मूलभूत हक्क होण्यासाठी २००२ ची शहाऐंशीवी घटनादुरुस्ती व्हावी लागली, कायदा व्हायला २००९ उजाडले, आणि तो प्रत्यक्षात लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. दहा वर्षांच्या वचनास साठ वर्षे लागली. दुसरे वचन पैशाचे. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ साली आपल्या अहवालात, राष्ट्रीय उत्पन्नाचा सहावा हिस्सा नव्हे, केवळ शेकडा सहा भाग शिक्षणावर खर्चावा असे सुचविले. १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ते उद्दिष्ट स्वीकारले; २०२० च्या धोरणाने त्याचा पुनरुच्चार केला. केंद्र आणि सर्व राज्ये यांचा खर्च एकत्र धरला तरी त्या शेकडा सहापर्यंत आपण पोचलेलो नाही.

दोन्ही वचने शासनाचीच. मग एक वसूल होते आणि दुसरे का होत नाही? निवृत्तिवेतन हे ठरलेले देणे आहे. व्यक्तीचे नाव ठाऊक, हुद्दा ठाऊक, रक्कम ठाऊक. एक महिना चुकले तर दुसऱ्या महिन्यात तक्रार येते, आणि ती तक्रार करणारा प्रौढ, संघटित आणि मतदार असतो. शाळेसाठी न केलेला खर्च मात्र कोणाच्याच नावावर थकबाकी म्हणून लिहिला जात नाही. गणिताच्या शिक्षकाची जागा दोन वर्षे रिकामी राहिली, तर त्या दोन वर्षांतील आठवीच्या मुलांना व्याजासह थकबाकी द्या, असे सांगणारे न्यायालय नाही. आठवीतला मुलगा जंतरमंतरला बसत नाही. तो नववीत जातो, किंवा शाळा सोडून संत्र्याच्या बागेत मजुरीला लागतो. आणि अंदाजपत्रकात ती बचत म्हणून दिसते. माझ्या मते विषमता असेल तर ती येथे आहे. सैनिकाला जास्त मिळते यात नव्हे, तर मुलाचे बुडालेले कोणीच मोजत नाही यात.

ही तक्रार नवी नाही आणि ती पूर्वी मांडणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात १९०२ पासून अंदाजपत्रकावर जी भाषणे केली, त्यांत लष्करावरील भरमसाट खर्च आणि प्राथमिक शिक्षणाची उपासमार ही जोडी पुनःपुन्हा येते. १९११ च्या मार्च महिन्यात त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. मात्र एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. गोखल्यांचा रोख फौजेच्या वाढत्या आकारावर आणि साम्राज्याच्या सीमेपलीकडील मोहिमांवर होता. सेवा करून घरी परतलेल्या शिपायाच्या ताटातील भाकरीवर नव्हता. आजच्या वादात हे दोन्ही खर्च एकाच 'संरक्षण' या शब्दाखाली मिसळले जातात, आणि युक्तिवाद घसरतो.

सैनिकाचा हक्क आणि मुलाची शाळा एकमेकांच्या विरोधातच उभी असतात हेही खरे नाही. आपल्याच राज्यातील महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला, तो लष्करी छावणीत. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्या काळी सैन्यात शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा चालत, आणि ज्या समाजाला गावातील शाळेत उंबरठ्याबाहेर बसावे लागे, त्या समाजातील शिपायांच्या घरांत त्यामुळे अक्षर शिरले. रामजी निवृत्त झाल्यावर कुटुंब दापोलीस आणि मग साताऱ्यास आले. पुढे मुंबईत राहून भीमरावांनी शिक्षण चालविले, त्यामागे वडिलांचे निवृत्तिवेतन आणि त्यांची जिद्द होती. सैनिकाच्या हक्काचे पैसे शाळेच्या फीत कसे रूपांतरित होतात, याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

अमेरिकेने तर हीच गोष्ट कायदा करून साधली. दुसरे महायुद्ध संपण्यापूर्वीच, २२ जून १९४४ रोजी, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी परतणाऱ्या सैनिकांसाठी एका कायद्यावर स्वाक्षरी केली. सैनिकाला शिकावयाचे असेल तर महाविद्यालयाची फी आणि निर्वाहभत्ता शासनाने द्यावा, हे त्यातील एक मुख्य कलम. पुढील बारा वर्षांत सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतले. त्यांतील सुमारे २२ लाख महाविद्यालयांत गेले. तो खर्च सैनिककल्याणाचा की शिक्षणाचा? हिशेबनीसाने तो कोणत्याही स्तंभात लिहावा. देशाला अभियंते, शिक्षक आणि डॉक्टर मिळाले. (तेथील काळ्या सैनिकांना या सवलतींचा लाभ गोऱ्यांइतका मिळाला नाही, हेही नमूद केले पाहिजे.)

आपल्याकडे ही सांगड लहान प्रमाणावर आहे. १९७१ च्या युद्धानंतर, कारवाईत मृत्यू पावलेल्या, बेपत्ता झालेल्या किंवा अपंग झालेल्या सैनिकांच्या मुलांची फी आणि वसतिगृहाचा खर्च शासनाने देण्याची योजना सुरू झाली. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ साली या मदतीवर महिना दहा हजार रुपयांची मर्यादा घालण्यात आली. वाचणारी रक्कम संरक्षणाच्या अफाट अंदाजपत्रकात दिसणारही नाही इतकी किरकोळ होती; महाग व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या थोडक्या मुलांवर मात्र ती कुऱ्हाड होती. नौदलप्रमुखांनी स्वतः पत्र लिहून विरोध नोंदविला, आणि मार्च २०१८ मध्ये मर्यादा उठविली गेली. येथे दोन पक्ष नव्हतेच. जे काटले जात होते ते एकाच वेळी सैनिकाचेही होते आणि शिक्षणाचेही.

काटकसरीची कात्री आता दोघांवरही कशी चालते, हे पाहिले म्हणजे 'सैनिक विरुद्ध शाळा' हे नाटक अधिकच पोकळ वाटू लागते. मध्यप्रदेश शासनाने १ जानेवारी १९९७ रोजी शिक्षण हमी योजना सुरू केली. ज्या वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत शाळा नाही, तेथील चाळीस मुलांच्या पालकांनी, आणि आदिवासी भागात पंचवीस मुलांच्या पालकांनी, मागणी केली की नव्वद दिवसांत शाळा द्यावयाची. योजनेचे जगभर कौतुक झाले आणि दूरच्या पाड्यांत शाळा पोचल्या, हे खरेच. पण त्या शाळेतील 'गुरुजीं'ना आरंभी महिना मानधन किती होते? पाचशे रुपये. शाळा स्वस्त झाली ती गुरुजींच्या पोटावर. पुढे, १ जानेवारी २००५ पासून नव्याने रुजू झालेल्या राज्य कर्मचाऱ्यांना, म्हणजे शिक्षकांनाही, जुन्या पद्धतीचे हमीचे निवृत्तिवेतन मिळेनासे झाले. केंद्राने २००४ साली असाच बदल केला, तेव्हा सैन्यदलांना त्यातून वगळले होते. सैनिकाची पाळी नंतर आली. जून २०२२ मध्ये 'अग्निपथ' योजना जाहीर झाली. चार वर्षांची सेवा. त्यांतील शेकडा पंचवीसपर्यंत जवान नियमित सैन्यात. उरलेल्यांना सुमारे पावणेबारा लाख रुपयांचा सेवानिधी आणि रामराम. निवृत्तिवेतन नाही. सैन्य तरुण राहावे हा हेतू शासनाने सांगितला आहे, आणि त्यात तथ्य आहे. पण निवृत्तिवेतनाचा फुगत चाललेला बोजा त्यामागे नाही, असे फार थोडे जाणकार म्हणतील.

मग या मार्गाने वाचलेला पैसा शाळेकडे वळेल काय? आपोआप वळणार नाही. अंदाजपत्रक हे दोन हौदांना जोडणाऱ्या नळीसारखे नसते, की एकातले पाणी कमी झाले म्हणजे दुसऱ्यात चढावे. २००४ साली प्राथमिक शिक्षणासाठी म्हणून केंद्रीय करांवर शेकडा दोन उपकर बसला, २००७ साली त्यात एकाची भर पडली, आणि २०१८ पासून आरोग्य व शिक्षण मिळून शेकडा चार असा तो झाला. उपकराची रक्कम राज्यांत वाटल्या जाणाऱ्या सामायिक करांत मोजली जात नाही. म्हणजे शिक्षणाच्या नावाने पैसा गोळा होतो केंद्राकडे, आणि शिक्षकाचा पगार द्यावयाचा असतो राज्याला. वादविवादात पुढच्या वेळी आकडे मांडणाऱ्याने दिल्लीच्या दोन रकमांबरोबर भोपाळच्या अंदाजपत्रकातील शालेय शिक्षणाची रक्कमही मांडावी. ते अंदाजपत्रक दरवर्षी प्रसिद्ध होते, आणि त्यात रिकाम्या पदांचा पगार खर्ची पडलेला दिसत नाही, हेही शोधून पाहावे.

पहाटे धावणाऱ्या मुलांकडे पुन्हा वळतो. त्यांपैकी जो बारावीनंतर अग्निवीर होईल, तो बहुधा बावीस-तेविसाव्या वर्षी परत येईल. हाती काही लाख रुपये असतील, शिस्त असेल, पदवी नसेल. त्यासाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठामार्फत खास पदवीक्रमाची घोषणा २०२२ मध्येच झाली. सैन्यात मिळविलेल्या कौशल्यांना त्यात निम्मे गुण धरावयाचे आहेत. दहावीनंतरच भरती झालेल्यांसाठी बारावीची सोय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे दिली आहे. म्हणजे पूर्वी ज्याची चिंता संरक्षण खात्याच्या निवृत्तिवेतनाने वाहिली असती, त्या तरुणाची पुढची चाळीस वर्षे आता त्याच्या शिक्षणावर उभी राहावयाची आहेत. आणि त्या शिक्षणाचा पाया त्याने भरतीला जाण्यापूर्वी ज्या शाळेत घातला, तेथे गणिताला शिक्षक होता की नव्हता, यावर बरेच अवलंबून राहील.